अण्णांचे पाच मासे

अण्णांना अर्धांगाचा झटका आला, त्या दिवसापर्यंत चिमीनं फिशटँककडे कधी धड बघितलंसुद्धा नव्हतं. बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून चार फूट लांबीची ती काचेची पेटी सहा वर्षं गुरगुरत होती आणि चिमीच्या लेखी ती फ्रिजच्याच जातीची वस्तू होती. फरक इतकाच, की फ्रिज उघडला तर काहीतरी खायला मिळतं. अण्णा लिफ्टचे मेकॅनिक. सारा जन्म लोकांना वर-खाली करण्यात गेला. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात म्हणून त्यांनी हा खाऱ्या पाण्याचा संसार थाटला होता. पंप, हीटर, मिठाच्या पिशव्या, खडक, आणि त्या खडकांत दोन वर्षांपासून राहणारे पाच क्लाऊनफिश, केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले. अण्णा रोज सकाळी टँकसमोर स्टूल टाकून बसायचे आणि चिमी त्यांच्या पाठीमागून घाईघाईनं चपला सरकवून निघून जायची.

चिमी म्हणजे त्यांची लेक. वय एक्केचाळीस, पण घरात, शेजारी आणि कामावर अजून चिमीच. दातांच्या एका लॅबमध्ये ती कवळ्या बनवायची. लग्नाचं जमता जमता राहिलं, मग आई गेली, मग थोरल्या भावाला दुसऱ्या गावी नोकरी लागली, आणि घरात बाप-लेक दोघंच उरले. दोघांचं बरं चाललं होतं, कारण दोघांनाही फार बोलायची सवय नव्हती. त्यामुळे अण्णांची वाचा गेली तेव्हा शेजारच्या मावशी, ज्यांच्या पोटात काही राहत नाही, म्हणाल्या की तुमच्या घरात हे कुणाच्या लक्षात आलं हेच नवल. चिमीला ते फार लागलं. खरं होतं म्हणूनच लागलं.

अठरा दिवसांनी अण्णा दवाखान्यातून घरी आले. उजवा हात आणि पाय लुळा. समजत सगळं होतं, पण शब्द सापडत नव्हते. पाणी हवं तरी ‘दरवाजा’, गोळी नको तरी ‘दरवाजा’, आणि समोर खराखुरा दरवाजा वाजला तर नुसते बघत राहायचे. शिव्या मात्र अस्खलित. ज्या माणसानं लेकीसमोर उभ्या आयुष्यात वावगा शब्द काढला नाही, त्याच्या तोंडून आता अशी काही फुलं पडायची की मावशी हसू दाबायला स्वयंपाकघरात पळायच्या. आणि आकडे यायचे. एकपासून सुरू केलं की वीसपर्यंत गाडी सुसाट.

मंगळवारी आणि शुक्रवारी बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक मॅडम यायच्या. त्यांनी चिमीला समजावलं, की शिव्या आणि आकडे पाठ असतात, ते मेंदूत वेगळ्या कप्प्यात राहतात. अण्णांना ‘चार’ म्हणायचं असेल तर एकपासून पायऱ्या चढत यावं लागेल. तेव्हा ‘एक’ म्हणून अडले, तर तुम्ही ‘दोन’ म्हणून हलकेच ढकला. त्यांच्या हो-नाहीवरही विश्वास ठेवू नका, हो म्हणायचं असेल तेव्हा नाही निघेल. चिमीनं हे सगळं मनात गिरवून ठेवलं.

डॉक्टरांनी वेगळंच भय घातलं होतं. रक्तदाबाचा वरचा आकडा एकशे साठच्या पुढे जाता कामा नये, घरात त्रागा होईल असं काही नको, दुसरा झटका आला तर आम्ही काही बोलू शकत नाही.  तेव्हापासून चिमी दिवसातून तीनदा अण्णांच्या दंडाला पट्टा गुंडाळायची आणि मशीनवरचे आकडे थांबेपर्यंत स्वतःचा श्वास धरून ठेवायची. लॅबमध्ये अर्धा दिवस करून घेतला होता. सकाळी मावशी अण्णांजवळ बसायच्या, दुपारी दोनला ती परत.

त्यात दादाचा फोन. दवाखान्यात असतो तसा वर-खाली होणारा पलंग त्यानं अण्णांसाठी बघून ठेवला होता. टँकच्या जागी तो बरोबर बसेल, दादा म्हणाला. टँक देऊन टाकू कुणाला तरी. अण्णांचं बघायचं, नोकरी बघायची, त्यात मासेही बघायचे, तुला किती हात आहेत? पुढच्याच्या पुढच्या रविवारी तो येऊन सगळं मार्गी लावणार होता. बोलणं सगळं प्रेमाचंच होतं. चिमी ‘बघू’ म्हणाली. टँक नेला तर हा माणूस दिवसभर कशाकडे बघत बसणार, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण अण्णा समोरच बसलेले होते.

आणि नेमकं त्याच आठवड्यात, गुरुवारी, माशांचं बिनसलं.

दुपारी ती आली तेव्हा मावशी दारातच सांगू लागल्या, की सकाळपासून यांचं काहीतरी चाललंय, काचेवर ठोकतात आणि पाढे म्हणतात. चिमीनं पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. अण्णा खुर्चीत पुढे झुकून डाव्या हाताच्या बोटांनी काचेवर टकटक करत होते.

“एक,” ते म्हणाले.

“दोन?” चिमीनं ढकललं.

“एक.”

“दोन, अण्णा. दोन, तीन...”

अण्णांनी एक शिवी हासडली आणि पुन्हा काचेवर बोट टेकवलं. चिमीनं बोटाच्या रोखानं बघितलं. तिथं एक मासा होता खरा, पण बघेपर्यंत तो निघून गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला. मग तिला वरच्या कोपऱ्यात, पंपाच्या नळीमागे, सगळ्यात लहानगा दिसला. पाण्याच्या अगदी पृष्ठभागाला चिकटून तो तिरका लटकत होता. शेपटीच्या झिरमिळ्या झालेल्या. इतक्यात खालून कुणीतरी केशरी सुसाटत आलं, त्याला ढुशी देऊन गेलं, आणि लहानगा आडवा पडून थरथरला. ‘एक’ म्हणजे काय ते चिमीला लख्ख कळलं. एक मासा मरतोय, असं अण्णा सांगत होते.

अण्णा ज्याच्याकडून सगळं सामान आणायचे, त्या टँकवाल्याकडे ती आल्या पावली गेली. बोळातलं त्याचं दुकान म्हणजे दोन्ही बाजूंना रचलेल्या काचेच्या पेट्या, मध्ये एक माणूस आडवा जाईल एवढी वाट, आणि जमीन सदा ओली. टँकवाला कोपरापर्यंत हात एका पेटीत घालून उभा होता आणि फोन मानेत धरून कुणाशी तरी बोलत होता. तिनं थोडक्यात सांगितलं: लहान मासा मार खातोय, शेपूट फाटलीय. त्यानं मान वळवली, फोनवर हात ठेवल्यासारखं केलं आणि म्हणाला, “वेगळं करा, आजच्या आज. नाहीतर जीव जाईल.” मग एक प्लॅस्टिकचा टब, लहान हीटर आणि हवेचे बुडबुडे सोडणारी नळी तिच्या हातात देऊन तो पुन्हा फोनला लागला.

मासा पकडायला तिला दीड तास लागला. दातांच्या लॅबमध्ये तिचा हात इतका स्थिर, की तिथले सर अवघड कवळी आली की तिच्याच टेबलावर ठेवायचे. इथं जाळी पाण्यात गेली की हात तिचा राहायचा नाही. खडक हलले, वाळू उडाली, बाह्या भिजल्या. आणि पाठीमागून अण्णांचा सारखा घोष: एक, एक, एक. मधूनमधून शिव्या. शेवटी लहानगा जाळीत आला. चिमीनं त्याला टबात सोडला, टब उचलून अण्णांच्या मांडीजवळ नेला आणि म्हणाली, “बघा. वाचवला. आता कुणी त्याला हात लावणार नाही.”

अण्णांनी टबाकडे बघितलं. मग तिच्याकडे बघितलं. एखाद्या शिकाऊ मेकॅनिकनं भलतीच तार कापल्यावर ते ज्या नजरेनं बघत असतील, ती ही नजर. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मशीननं एकशे बहात्तर दाखवले.

पुढचे दोन दिवस शांततेत गेले. निदान चिमीला तसं वाटलं, कारण सकाळी उठल्याबरोबर ती आधी टबात डोकावायची आणि लहानगा पोहताना दिसला की चहा टाकायची. टँकमध्ये चार, टबात एक, हिशेब बरोबर. पण रविवारी संध्याकाळी पंपामागच्या त्याच कोपऱ्यात दुसराच एक मासा लटकलेला दिसला. आतापर्यंत जो खालून दुसरा होता तो आता सगळ्यात लहान झाला होता, एवढंच. त्याचा एक पर फाटलेला, अंगावरचा पांढरा पट्टा करडा पडलेला. चिमीनं त्यालाही काढला, आणि दोघं टबात भांडू नयेत म्हणून मधे भोकांचा प्लॅस्टिकचा पत्रा उभा केला. अण्णा या वेळी ओरडले नाहीत. डोळे मिटून बसून राहिले.

सोमवारी सकाळी तो मेलेला होता.

अण्णांना उठवण्याआधी चिमीनं त्याला कागदात गुंडाळला आणि खाली कुंडीच्या मातीत पुरला. हात तिनं तीनदा साबणानं धुतले. एका बोटाएवढ्या माशानं आपली ही गत केली, तर पुढं काय, असं तिचं तिलाच वाटलं. अण्णांना खुर्चीत बसवल्यावर त्यांनी टँककडे बघितलं आणि हळूहळू म्हणाले, “एक. दोन. तीन.” मग टबाकडे मान वळवली. तिथं पत्र्याच्या एका बाजूला लहानगा होता आणि दुसऱ्या बाजूला नुसतं पाणी. अण्णा तिच्याकडे बघत राहिले.

“खडकाखाली आहे,” चिमी म्हणाली. “त्याला परत टँकमध्ये सोडला. दमलाय, झोपला असेल.”

अण्णांच्या डाव्या डोळ्यातून पाणी ओघळलं. अशा आजारात माणसांना लवकर रडू येतं, मनाला लावून घेऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. चिमीनं ते स्वतःला दोन-तीनदा सांगून बघितलं. मग चपला घालून कामावर गेली.

तो आठवडा तिनं कसा काढला ते तिलाच माहीत. मंगळवारी मॅडम आल्या तर अण्णांनी तोंड उघडलं नाही. मॅडम चित्रांची कार्डं समोर ठेवत होत्या आणि अण्णा त्यांच्या खांद्यावरून टँककडे बघत होते. जाताना मॅडम म्हणाल्या, त्यांना काहीतरी सांगायचंय आणि आपण चुकीचे प्रश्न विचारतोय. विचारूच नका. हातात वस्तू द्या, मांडू द्या त्यांना. चिमीनं मान डोलावली, पण तिचं लक्ष टँकमधल्या तिसऱ्या, आता तिथं सगळ्यात लहान उरलेल्या माशाकडे होतं. तो आता खडकांमधून वर यायला कचरत होता. रक्तदाब एकशे सहासष्ट, मग एकशे सत्तर. डॉक्टरांनी फोनवरून एक गोळी वाढवली. दादानं फोनवरून कळवलं की टँक न्यायला दोन माणसं ठरवली आहेत, रविवारी चार वाजता येतील. चिमी पुन्हा ‘बघू’ म्हणाली. रात्री अंथरुणावर पडलं की तिला वाटायचं, देऊन टाकावा. मग तिसरा मरेल तो आपल्या डोळ्यांसमोर तरी मरणार नाही.

शुक्रवारी लॅबमध्ये तिच्या हातून एका म्हाताऱ्या बाईंच्या कवळीत डावीकडची दाढ उजवीकडे बसली. पंधरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. सरांनी कवळी हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि घरी जा म्हणाले. टेबल आवरताना तिच्या हाताखाली कवळ्यांच्या साच्याला वापरतात तो गुलाबी मेणाचा पत्रा आला. ती थांबली. मॅडम काय म्हणाल्या होत्या ते तिला आता ऐकू आलं. तिनं दिवा पेटवला, पत्रा ऊन केला आणि पातळ सुरीनं पाच मासे कापले. मोठ्यापासून लहानापर्यंत, ओळीनं. सवयच अशी की कल्लेसुद्धा कोरले.

घरी आल्यावर तिनं अण्णांच्या पुढ्यात टेबल ओढलं. त्यावर एक ताट ठेवलं आणि एक वाटी. ताट म्हणजे टँक, तिनं सांगितलं, आणि वाटी म्हणजे टब. ताटात तिनं तीन मासे मांडले. सगळ्यात लहान वाटीत टाकला. चौथा तिच्या खिशात होता, तो तिनं खिशातच ठेवला.

“आत्ता असं आहे, अण्णा,” ती म्हणाली. “तुम्हाला कसं हवंय?”

अण्णा बराच वेळ ताटाकडे बघत होते. मग डावा हात पुढे आला. त्या हाताला बारीक कामाची सवय नव्हती, मेणाचा मासा दोनदा निसटला. पण त्यांनी लहानग्याला वाटीतून काढलं आणि ताटात ठेवलं. मग ताटातला सगळ्यात मोठा मासा उचलला आणि वाटीत टाकला.

चिमीनं वाटीकडे बघितलं. मग टँककडे. तिथं पुढच्या बाजूला, मऊ बोटांच्या झुपक्यासारखं जे समुद्रफूल खडकाला चिकटलेलं होतं, त्यात सगळ्यात मोठी मासळी राणीसारखी डुलत होती. गुबगुबीत, धडधाकट, अंगावर ओरखडा नाही. आठ दिवस चिमी जखमा बघत होती, आणि हिला जखम नाही म्हणून हिच्याकडे तिनं बघितलंच नव्हतं.

“ही?” ती म्हणाली. “हिला बाहेर काढायचं?”

“एक,” अण्णा म्हणाले.

या वेळी तिनं दोन म्हणून ढकललं नाही. ते काही मोजत नव्हते. उभी हयात ते लिफ्टना नंबरानं हाक मारत आले होते, एक नंबर अडकली, तीन नंबरची केबल बदलली; माशांनाही तशीच हाक मारत असणार. एक नंबर म्हणजे सगळ्यात मोठी. तीच मारत होती. एकाला हलवला की त्याच्या वरच्याला, तो गेला की त्याच्याही वरच्याला. आणि अण्णा पहिल्या दिवसापासून तिचंच नाव घेत होते.

अण्णांनी हात तिच्यापुढे पसरला आणि तसाच धरून ठेवला. तिला कळायला वेळ लागला. मग तिनं खिशातून चौथा मासा काढून त्यांच्या तळव्यावर ठेवला.

“तो गेला, अण्णा,” ती म्हणाली. “सोमवारीच गेला. मी खोटं बोलले.”

अण्णांनी तो ताटात ठेवला नाही, वाटीतही नाही. टेबलाच्या कडेला, एका बाजूला ठेवला. आणि तिच्या मनगटावर दोनदा थोपटलं.

कळणं वेगळं आणि पकडणं वेगळं. त्या संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी तिनं जाळीनं, मग खाणं ठेवलेल्या बाटलीनं प्रयत्न केला. एक नंबर बाटलीभोवती फिरायची, आत डोकवायची, आणि जणू काही वास आल्यासारखी मागं सरकायची. उलट तिसराच दोनदा बाटलीत शिरला. घड्याळ पुढं सरकत होतं. दुसऱ्या दिवशी चार वाजता माणसं येणार होती आणि तिसऱ्याच्या शेपटीचं टोक आता चांगलंच झिजलं होतं. चिमी ओल्या फरशीवर बसली. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं बाहीनं पुसलं. बाही ओलीच होती.

“दाढी,” अण्णा म्हणाले.

चिमीनं वर बघितलं. झटक्यानंतरचा हा पहिलाच नवा शब्द. तिनं मावशींना हाक मारली, मावशी हातातलं काम टाकून आल्या, आणि अण्णांनी पुन्हा स्पष्ट सांगितलं, दाढी. झालं. जाळी राहिली बाजूला. एकीनं गरम पाणी आणलं, दुसरीनं साबण फेसाळला. चिमीनं बापाची दाढी कधी केली नव्हती, पण प्लास्टरच्या हिरड्या घासून गुळगुळीत करणारा हात तिचा, कुठं कापलं नाही. अण्णा मधेच काहीतरी म्हणायला बघायचे आणि तोंडात फेस जायचा, तेव्हा ते शिव्या द्यायचे. मावशी म्हणाल्या, अहो, निम्मी झालीय, आता मागं फिरता येणार नाही. अण्णांचं पोट हलायला लागलं. ते हसत होते. दोन्ही गालांनी नाही, एका डाव्यानंच, पण हसत होते.

गाल पुसून झाल्यावर चिमीनं आरसा समोर धरला. अण्णांनी स्वतःकडे बघितलंसुद्धा नाही. आरसा तिच्या हातातून काढून घेतला, पुढे झुकले आणि टँकच्या काचेला बाहेरून टेकवून धरला.

समुद्रफुलातली एक नंबर थबकली. समोर तिच्याएवढीच, तशीच गुबगुबीत दुसरी मासळी उभी होती. ती झेपावली. काचेवर तोंड आपटलं, मागं सरली, पुन्हा आपटली. आजूबाजूला काय चाललंय याची तिला शुद्ध राहिली नाही.

“अगं बाई,” मावशी हळूच म्हणाल्या. “सवत दिसली तिला.”

चिमीनं जाळी मागून पाण्यात सोडली. अण्णांनी डाव्या हातातला आरसा जराही हलू दिला नाही. या वेळी तिचाही हात हलला नाही. जाळी वर आली तेव्हा तिच्यात एक नंबर फडफडत होती.

त्यानंतर अण्णांनी बोटानं दाखवलं तसे तिनं दोन खडक हलवले, म्हणजे उरलेल्यांना जागा नवी वाटावी. मग लहानग्याला टबातून टँकमध्ये सोडला. दोन नंबरचा मासा त्याच्या अंगावर आला.  लहानगा शरण आल्यासारखा आडवा झाला, थरथरला. दुसरा घटकाभर त्याच्याकडे बघत राहिला आणि निघून गेला. एवढंच. अण्णांनी खुर्चीला पाठ टेकली. मशीननं एकशे अठ्ठेचाळीस दाखवले, तर तिचा विश्वास बसेना. पुन्हा पट्टा बांधला. एकशे शेहेचाळीस.

एक नंबरला झाकणाच्या बादलीत घालून ती टँकवाल्याकडे घेऊन गेली. त्यानं बादलीत डोकावून ओळखलंच. म्हणाला, काका दोन महिन्यांपूर्वी बोलले होते की ही आता दांडगाई करणार, सवडीनं आणून देतो. मग मी विचार करत होतो, आले कसे नाहीत. चिमीनं झटक्याचं सांगितलं.  ओले हात शर्टाला पुसून त्यानं तिला स्टूल दिलं आणि मग नीट समजावलं. हे मासे जन्मतात तेव्हा सगळे नर. कळपात जो सगळ्यात मोठा होतो तो मादी होतो. त्याच्या खालचा तिचा नवरा. बाकीचे आपला नंबर लागायची वाट बघत लहानच राहतात. लहानपणी एकत्र आणले तर वर्ष-दोन वर्षं गुण्यागोविंदानं नांदतात. मादी वयात आली की तिला घरात गर्दी नको होते.

“तुम्हीच म्हणालात, वेगळं करा,” चिमी म्हणाली. तिला राग आला होता आणि तो नेमका कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

“म्हणालो. कुणाला, ते तुम्ही विचारलं नाहीत. आणि मी सांगितलं नाही. चूक माझी.”

आता दुसरा मादी होईल, तो पुढं म्हणाला. मग पुन्हा हेच होईल का, तर होईलही, नाहीही होणार. कदाचित वर्षभर काही नाही, कदाचित पुढच्या महिन्यात तुम्ही दुसरी बादली घेऊन याल. “हमी मी पंपाची देतो. माशांची कुणी देत नाही.”

रविवारी दादा आला. बापाची गुळगुळीत दाढी बघून त्याला आश्चर्य वाटलं. चहा घेतला आणि पलंगाचं माप काढायला टेप बाहेर काढला. चार वाजता माणसं येतील, तोवर पाणी उपसून ठेवू, तो म्हणाला. त्याला काय सांगायचं ते चिमी रात्रभर मनात घोळवत होती. निरनिराळ्या तऱ्हांनी, कधी रागानं, कधी समजुतीनं. प्रत्यक्षात तोंडातून एवढंच निघालं, “टँक जाणार नाही, दादा.”

“अगं, तू किती दमतेस.”

“दमते. तरी जाणार नाही. माणसांना नको म्हणून कळव.”

दादानं अण्णांकडे बघितलं. अण्णा त्याच्याकडेच बघत होते. दादानं टेप गुंडाळला, पुन्हा उलगडला आणि दुसरी भिंत मोजली. चपलांचं कपाट तिथून हललं तर पलंग जेमतेम बसत होता. दोघा भावंडांनी कपाट ओढून बाहेरच्या पॅसेजमध्ये नेलं. मागं वर्षानुवर्षांची धूळ, दोन मोजे आणि आईची हरवलेली कात्री निघाली. दादा केरसुणी घेऊन आला आणि चिमी खाली वाकून ओल्या फडक्यानं फरशी पुसू लागली. मग त्यानं फोन करून माणसांना नको म्हणून सांगितलं. निघण्याआधी तो अण्णांच्या शेजारी जाऊन बसला आणि कुठला मासा कुठला ते विचारू लागला. अण्णा बोटानं दाखवत होते. अर्धं त्याला कळत नव्हतं, तरी तो विचारत होता.

सोमवारपासून चिमीनं लॅबमध्ये पूर्ण दिवस धरला. त्या म्हाताऱ्या बाईंची कवळी सरांनी तिच्यासाठीच ठेवली होती, ती तिनं नव्यानं बांधायला घेतली. अकरा वाजता मावशींना फोन केला. अण्णा बरे आहेत, तीनही मासे आहेत, तिसरा खडकांतून बाहेर येऊन खाऊन गेला. साडेबाराला पुन्हा केला. दुसरा लहानग्याच्या मागं लागतो का, तिनं विचारलं. मावशी म्हणाल्या, लागतो, आणि थोड्या वेळानं सोडून देतो. लहानगा मग काय करतो? मावशी म्हणाल्या, तो लपतो आणि परत येतो, आता ठेवू का, तुझ्या बापाला भूक लागलीय.

चिमीनं फोन टेबलावर उलटा ठेवला. लहानगा लपतो आणि परत येतो, हे चांगलं की वाईट, ते तिला ठरवता येईना. संध्याकाळी अण्णांना विचारता येईल. त्यांना सांगायला वेळ लागेल आणि तिला समजायला त्याहून जास्त. तिनं हातातली कवळी दिव्याखाली धरली, डावी दाढ डावीकडेच आहे ना ते दोनदा तपासलं, आणि पुढचा दात बसवायला घेतला.